जुन्या वेशातला नवा कॅमेरा

शैली हा शब्द आपल्याकडे साहित्याच्या चर्चेत इतका झिजला आहे की घरात वापरायच्या वस्तूला तो लावताना थोडे चमत्कारिक वाटते. आठव्या शतकात वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानले. पुढे मराठीत फडके आणि खांडेकर ह्यांच्या निमित्ताने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद वर्षानुवर्षे चालला. तो निकालात निघाला असे कोणी म्हणत नाही, बोलणारे थकले एवढेच. परंतु हाच वाद आज एका निराळ्याच ठिकाणी, दुकानातल्या काचेच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या मनात चालू आहे, आणि तेथे तो पदरच्या पैशांनिशी लढायचा असल्यामुळे त्याला अधिक धार आहे. मी म्हणतो ती वस्तू म्हणजे जुन्या वेशातला नवा कॅमेरा.

ह्या दिवाळीत पुष्कळ घरांतून त्याची चर्चा होणार, हे मला आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीवरूनच दिसते आहे. तेव्हा त्याचे परीक्षण कादंबरीसारखेच गंभीरपणे का करू नये? किमतीने तो शंभर कादंबऱ्यांहून भारी आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. पूर्वीच्या चांगल्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असे. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून वर जाई, तेथल्या पंचकोनी लोलकातून वळून डोळ्याशी येई. कळ दाबली की आरसा उचलला जाई आणि उजेड फिल्मवर पडे. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच नाही. सेन्सरवर पडलेले चित्र एका चिमुकल्या पडद्यावर उमटते आणि डोळा त्या पडद्याला लावायचा. आरसा गेला, लोलक गेला; तथापि निकॉनच्या झेड-एफ ह्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर लोलकाचा उंचवटा शाबूत आहे, आणि त्यात त्या चिमुकल्या पडद्याने बिऱ्हाड केले आहे. वाडा जुना, भाडेकरू नवा.

ही हौस एका कंपनीची नव्हे. ऑलिंपसने १९५९ साली काढलेल्या पेन नावाच्या छोट्या कॅमेऱ्याची आठवण जागवीत २००९ मध्ये त्याच नावाचा डिजिटल कॅमेरा काढला. फुजीफिल्मने २०१० साली एक्स-१०० दाखवला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच वंशातला एक्स-१०० व्हीआय २०२४ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा मागणी इतकी उसळली की लोकांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. निकॉनने २०२१ मध्ये झेड-एफसी आणि २०२३ च्या सप्टेंबरात झेड-एफ काढला. ह्या दोहोंचे रूप १९८० च्या दशकातल्या एफएम-२ वरून घेतलेले आहे. कपाळावरचे 'निकॉन' हे नावसुद्धा जुन्या वळणाच्या अक्षरांत.

आता एफएम-२ विषयी चार शब्द जास्त लिहिले पाहिजेत, कारण ज्याची नक्कल करायची ते मूळ काय होते हे कळल्याशिवाय नकलेची पारख होत नाही. १९८२ साली निघालेला तो कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक होता. त्याच्या माथ्यावरच्या शटरच्या डायलवर एका सेकंदापासून सेकंदाच्या चार-हजाराव्या भागापर्यंतचे आकडे असत. डायल फिरवला की आतल्या यंत्राचा वेग प्रत्यक्ष बदले. सेल लागे तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता. तो संपला तरी शटर आपले काम करीत राही. स्टीव्ह मॅककरीने १९८४ साली पेशावरजवळच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचे जगप्रसिद्ध छायाचित्र काढले ते ह्याच कॅमेऱ्याने. त्या कॅमेऱ्याचे रूप कोणी 'शैली' म्हणून घडवले नव्हते. डायल तेथे होता कारण शटरशी बोलण्याचा दुसरा मार्गच नव्हता. कड्यावर खाचा होत्या कारण घामट बोटांतून कडे निसटू नये. आपल्याला आज ज्याचे सौंदर्य वाटते ते सगळे त्या काळी निव्वळ काम होते.

हीच गोष्ट घरगुती कॅमेऱ्याचीही. बडोद्याला बनत असलेला आग्फा क्लिक थ्री आमच्या पिढीने आपल्या काका-मामांच्या खांद्यावर पाहिला आहे. एका रोळावर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. त्यावर आकड्यांची भानगड नव्हती. एक ऊन आणि एक ढग. आकाशाकडे पाहायचे आणि खटका सरकवायचा. इतके सरळ बोलणारे यंत्र मी त्यानंतर फारसे पाहिले नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. डायलवर जे लिहिले आहे ते यंत्र आत करते का? करत असेल तर ती शैली. नसेल तर तो वेश. मुलांचे निबंध तपासताना मी हेच करतो. एखादा मुलगा सुरुवातीला सुभाषित घालतो आणि पुढचा निबंध त्या सुभाषिताच्या आधाराने उभा राहतो. दुसरा तेच सुभाषित घालतो आणि पुढे गाईवर लिहितो.

ह्या कसोटीवर झेड-एफ अर्धा उतरतो. त्याचा शटरचा डायल पितळेचा आहे, बोटाला गार आणि जड लागतो, टकटक फिरतो. यंत्र हाती सोपवून आपण सगळे स्वतः ठरवायचे म्हटले तर तो खरे बोलतो. परंतु बाजूची कळ 'ए' ह्या अक्षरावर लावून शटरचा वेग कॅमेऱ्याने ठरवावा असे सांगितले, आणि बहुसंख्य माणसे बहुतेक वेळ असेच करतात, की तो डायल केवळ शोभेचा उरतो. आकडा २५० चा दिसतो आणि आत शटर भलत्याच वेगाने उघडझाप करीत असते. त्याच्याबरोबर जुन्या वळणाच्या ज्या लेन्स निकॉनने काढल्या, त्यांची कथा तर आणखी गमतीची. चाळीस मिलिमीटरची लेन्स घ्या. बाहेरून अगदी एफएम-२ च्या काळातली, खाचांचे तसेच कडे. पण त्या कड्यावर भिंगाचे छिद्र लहानमोठे करण्याचे आकडेच नाहीत. दार रंगवले आहे, उघडत नाही.

फुजीफिल्मचे एक्स-टी-५ आणि एक्स-१०० व्हीआय ह्या बाबतीत अधिक सचोटीचे आहेत. 'ए' हे अक्षर त्यांच्या शटरच्या डायलवरच आहे आणि लेन्सच्या कड्यावरही आहे. दोन्ही 'ए' वर ठेवले की कॅमेरा सर्व काही स्वतः पाहतो. एक काढून आकड्यावर आणले की तेवढे आपल्या हाती. कॅमेरा बंद करून टेबलावर ठेवलेला असला तरी वरून नजर टाकून कळते की तो उघडल्यावर कसा वागेल. ही जुनी गोष्ट जशीच्या तशी आणलेली नाही, तिचे मर्म आणले आहे. मला विचाराल तर आजच्या जुन्या रूपाच्या कॅमेऱ्यांत खरी शैली येथे आहे.

पण कॅमेरा हा केवळ वाचायचा नसतो. त्याने छायाचित्र काढायचे असते, आणि तेही जेथे आपण राहतो तेथे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कॅमेऱ्याची परीक्षा घेणाऱ्या दोन जागा अशा आहेत की पुण्यामुंबईच्या परीक्षकांना त्या मिळायच्या नाहीत: काठीची होळी आणि सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. शहाद्याकडचा आमचा एक माजी विद्यार्थी लग्नाचे फोटो काढून संसार चालवतो. त्याचा जुना कॅमेरा थकला, आणि नवा घेण्यापूर्वी त्याने झेड-एफ आणि एक्स-१०० व्हीआय हे दोन्ही सुरतेहून भाड्याने आणून ह्या दोन ठिकाणी नेले. दोन्ही वेळा मला बरोबर घेतले. "सर, तुम्ही पुस्तकावर लिहिता, तसं ह्याच्यावर बोला," असे त्याचे म्हणणे.

काठी हे अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या बाजूला सातपुड्यातले गाव. तेथली राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल चालू असतात. मानता मानलेले बावा-बुध्या अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून नाचत असतात. उजेड म्हणावा तर मशालींचा आणि नंतर होळीचा. अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या रूपाचा काही उपयोग नाही, सेन्सरच्या क्षेत्रफळाचा आहे. झेड-एफचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एक्स-१०० व्हीआयचा त्याच्या निम्म्याहूनही लहान. जेवढे अंगण मोठे तेवढे पावसाचे पाणी जास्त, तसाच हा उजेडाचा हिशेब. एक्स-१०० व्हीआयमध्ये चार कोटी ठिपके आहेत आणि झेड-एफमध्ये सुमारे अडीच कोटीच. तरी अंधारात झेड-एफची चित्रे अधिक स्वच्छ आली. दोन्ही कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरणारी योजना आहे. तिची जाहिरात फार होते. ती आपला हात सावरते. नाचणाऱ्याचा पाय सावरत नाही, हे जाहिरातीत नसते.

तेथे उभा असताना मला एक विचार सुचला तो ह्या विषयाचाच आहे, म्हणून लिहितो. बावा-बुध्याचा वेश हा आपल्या भाषेत 'पारंपरिक पोशाख' म्हणून खपतो. पण त्याच्यामागे नवस आहे, दिवसांचे नेम आहेत, जमिनीवर निजणे आहे. तो वेश अंगावर चढवणे हेच एक काम आहे. हाच वेश मी जिल्ह्याच्या गावी पाहुण्यांच्या स्वागताच्या मिरवणुकीतही पाहिला आहे. पिसे तीच, घुंगरू तेच, आणि नाचणाऱ्याची नजर घड्याळाकडे. डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नाही. छायाचित्रातही कदाचित दिसणार नाही. म्हणून रूप पाहून शैलीचा निवाडा करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आत काय जोडलेले आहे ते विचारले पाहिजे.

सारंगखेड्याला कसोटी उलटी. दत्तजयंतीला तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विकायला येतात. दिवस लख्ख, धूळ अमाप, आणि घोडा धावता. ताशी चाळीस किलोमीटर वेगाचा घोडा सेकंदाला अकरा मीटर जातो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात तो अठरा सेंटिमीटर सरकतो. हजारावा भाग उघडे राहिले तर एकच सेंटिमीटर. म्हणजे डायल हजारावर हवा. येथे तो वरचा मोठा डायल खरोखर उपयोगी पडला: कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी, चालता चालता, न पाहताही हजारावर आणता आला. एक्स-१०० व्हीआयची लेन्स त्याच्या अंगालाच जडलेली, बदलता न येणारी आणि रुंद नजरेची. कुंपणाबाहेरून घोडा मुंगीएवढा येतो. शिवाय धूळ-पाण्यापासून तो पुरता राखायचा तर पुढे वेगळे कडे आणि वर काचेचा फिल्टर बसवावा लागतो. उलट घोड्याच्या व्यापाऱ्याचा चेहरा टिपायला त्याच्यासारखा सोबती नाही. त्याच्या शटरचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नाही. फेटा बांधलेला एक म्हातारा व्यापारी तो रुपेरी कॅमेरा पाहून आपणहून जवळ आला. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "हाऊ जुना शे का नवा?" आमच्याकडच्या काळ्या, लांब नळीच्या कॅमेऱ्याला पाहून हाच माणूस घोड्याच्या पलीकडे सरला होता.

हा मुद्दा कामगिरीवाल्यांनी झटकून टाकू नये. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे कॅमेऱ्याच्या कामगिरीतच धरले पाहिजे. आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावातून २९ सप्टेंबर २०१० रोजी देशात 'आधार' सुरू झाले. ते छायाचित्र काढणाऱ्या यंत्राला रूप नावाची गोष्टच नाही. काम मात्र चोख, कोट्यवधी चेहरे त्याने नोंदवले. आपल्या आधारावरचा स्वतःचा चेहरा आवडतो असा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे.

परंतु दुसऱ्या बाजूचे लोक एक भलतेच सांगतात. जुन्या रूपाचा कॅमेरा हाती आला की माणूस सावकाश होतो, विचार करून चित्र काढतो, म्हणून चित्रे चांगली येतात, असे त्यांचे तत्त्वज्ञान आहे. हे मला अजिबात पटत नाही. बोरू घेतल्याने कोणी ज्ञानेश्वर होत नाही. सावकाशपणा माणसात असावा लागतो, आणि काही कामांत तो असून चालतच नाही. लग्नात अंतरपाट बाजूला होतो तो क्षण डायलवर आकडा शोधणाऱ्यासाठी थांबत नाही. आणि हल्ली तर तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी लग्नाआधीची छायाचित्रे काढवून घेणारी जोडपी असा कॅमेरा नवरदेवाच्या गळ्यात शोभेला अडकवतात. चित्र काढणारा कॅमेरा वेगळाच असतो. असो.

आता त्या मुलाचा खरा प्रश्न. एक्स-१०० व्हीआय त्याच्या धंद्याचा नव्हे, हे त्याला ठाऊक होते. त्याचे मन झेड-एफवर बसले होते. भारतात तो निघाला तेव्हा नुसत्या अंगाची किंमत पावणेदोन लाखांच्या घरात होती. पैसे उभे राहायचे ते वडिलांच्या मिरचीतून. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची येते, पथाऱ्यांवर वाळते, आणि त्या वाळण्यावर आमच्याकडच्या किती घरांची वर्षाची घडी बसते हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. वडिलांनी कॅमेऱ्याचे चित्र पाहिले आणि मला म्हणाले, "गुरुजी, हाऊ दिखस जुना आनि किंमत मांगस नवानी, आसं कसं?" दिसायला जुना आणि किंमत नव्याची, हे कसे? मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणात हा प्रश्न इतका नेमका विचारलेला नाही.

त्याचे उत्तर निकॉननेच देऊन ठेवले आहे. २०२५ च्या एप्रिलात त्यांनी झेड-५-टू नावाचा कॅमेरा काढला. सेन्सर तेवढ्याच आकाराचा आणि तेवढ्याच ठिपक्यांचा. आत गणित करणारे यंत्र झेड-एफमध्ये आहे तेच. वजन दोहोंचे सातशे ग्रॅमच्या आसपास. निघतानाची किंमत मात्र झेड-एफपेक्षा कमी. रूप म्हणाल तर काळा ठोकळा. आठ दिवसांनी आठवणार नाही असे. म्हणजे रूपाला काय मोजावे लागते हे वजाबाकीने काढता येते. साहित्यात असा हिशेब कधी मिळत नाही.

आणि वजाबाकी तेवढ्यावर थांबत नाही. झेड-एफच्या पुढच्या अंगाला बोटे रोवायला खोबण नाही, कारण एफएम-२ ला नव्हती. एफएम-२ ला छोट्या लेन्स लागत. हा मुलगा लावणार ती चोवीस-सत्तरची लेन्स एकटीच आठशे पाच ग्रॅमची. दीड किलो वजन हळदीपासून पाठवणीपर्यंत चिमटीत धरून ठेवायचे. झेड-५-टूला चांगली हातभर खोबण आहे. दुसरे, लग्नात छायाचित्र हरवले तर ते परत काढता येत नाही, म्हणून दोन कार्डांवर एकदम उतरवून घेतात. झेड-५-टूमध्ये दोन्ही कार्डे सारख्या मापाची आणि बाजूच्या दारात. झेड-एफमध्ये एक नेहमीचे आणि दुसरे नखाएवढे, दोन्ही खाली सेलच्या खणात. तिपाईवर कॅमेरा चढवला असेल आणि मांडवात कार्ड बदलायची वेळ आली तर काय करायचे? माझ्या मते कमावत्या हाताने येथे रूपाचा मोह सोडावा. ज्याला कमवायचे नाही, फिरायचे आहे, माणसांत मिसळायचे आहे, त्याने एक्स-१०० व्हीआय किंवा एक्स-टी-५ घ्यावा आणि डायलचा मनसोक्त उपभोग घ्यावा. झेड-एफ ज्याला आवडतो त्याने तो आवडतो म्हणून घ्यावा. यंत्र उत्तम आहे, काठीच्या काळोखात ते मी पाहिले आहे. फक्त डायल फिरतो म्हणून आपण एफएम-२ चालवतो आहोत असे मानू नये.

हे सगळे मी त्या दोघांना सांगितले. मुलगा गप्प बसला, वडील खुश झाले. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई लागते, त्याआधी कॅमेरा हातात हवा म्हणून त्याने गेल्या पंधरवड्यात झेड-५-टूचे पैसे भरले. उरलेल्या पैशांत एक लेन्स घेतली. चाळीस मिलिमीटरची. ती साध्या रूपातही मिळते आणि जुन्या वेशातही. त्याने जुन्या वेशातली घेतली.